संदर्भलेखन, शोधनिबंधातील

संदर्भलेखन, शोधनिबंधातील : शोधनिबंधात किंवा प्रबंधिकेत दुसऱ्याच्या ग्रंथातून, लेखातून, कागदपत्रातून अथवा तोंडी निवेदनातून घेतलेली माहिती, मत वा शब्द कोठून घेतले, याची ठरलेल्या पद्धतीने केलेली नोंद म्हणजे संदर्भलेखन होय. तिची दोन अंगे असतात. मजकुरात त्या त्या ठिकाणी केलेला निर्देश हे पहिले आणि निबंधाच्या अखेरीस वर्णानुक्रमे दिलेली संदर्भसूची हे दुसरे. पहिल्यावाचून दुसरे व्यर्थ असते. कारण केवळ अखेरीस चाळीस ग्रंथांची नावे दिल्याने कोणते विधान कोणत्या ग्रंथावर उभे आहे, हे वाचकास कळत नाही. महाविद्यालयीन निबंधांत हा दोष फार आढळतो. संदर्भलेखनाचे मूळ प्रयोजन विद्वत्तेचे प्रदर्शन हे नसून पडताळणी हे आहे : वाचकाने त्याच पृष्ठाशी जाऊन लेखकाचे म्हणणे खरे की खोटे, हे स्वतः पाहावे, यासाठी ती नोंद असते. मूळ लेखकाच्या श्रमाचे ऋण मान्य करणे हे दुसरे प्रयोजन.

भारतीय परंपरा : आधार सांगण्याची रीत पाश्चात्त्य विद्येबरोबर आली, हा समज बरोबर नाही. संस्कृत भाष्यकार व निबंधकार पूर्वाचार्यांची वचने त्यांच्या नावानिशी उद्धृत करीत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा तेराव्या शतकातील चतुर्वर्गचिंतामणि हा ग्रंथ अशा वचनांचे प्रचंड भांडारच आहे. मात्र वचन कोणत्या स्मृतीचे वा पुराणाचे, एवढेच तेथे सांगितलेले असते, अध्याय व श्लोकांक सहसा नसतात. मुखोद्गत ग्रंथांच्या काळात तेवढे पुरेसेही होते. या निर्देशांचे मोल पुढे किती वाढले, याचे उदाहरण म्हणजे कात्यायनस्मृती. व्यवहार म्हणजे न्यायदान या विषयावरील ही महत्त्वाची स्मृती समग्र स्वरूपात उपलब्ध नाही. पां. वा. काणे यांनी निरनिराळ्या निबंधग्रंथांत कात्यायनाच्या नावावर दिलेले श्लोक वेचून, ताडून व विषयवार लावून १९३३ मध्ये कात्यायनस्मृतिसारोद्धार हा ग्रंथ सिद्ध केला. मध्ययुगीन निबंधकारांनी ते श्लोक आपल्या मजकुरात निनावी मिसळून टाकले असते, तर हे कार्य अशक्य होते. काणे यांच्या हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र (१९३०–६२) या बृहद्ग्रंथातील तळटीपा हा तर स्वतंत्र अभ्यासाचाच विषय आहे. कित्येक पृष्ठांवर वर चार ओळींचा मजकूर आणि खाली मूळ संस्कृत वचने, अशी त्यांची मांडणी दिसते.

पाश्चात्त्य पद्धतींचा उदय : मुद्रणामुळे एकाच आवृत्तीच्या सर्व प्रतींतील पृष्ठांक सारखे झाले आणि पृष्ठनिहाय निर्देश शक्य झाला. एडवर्ड गिबन याच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील इतिहासाच्या पहिल्या खंडात (१७७६) टिपा ग्रंथाच्या अखेरीस होत्या. वाचकास दर वेळी पाने उलटावी लागतात, अशी तक्रार डेव्हिड ह्यूमने केल्यावर पुढील आवृत्त्यांत त्या पृष्ठाच्या तळाशी आल्या. विज्ञानशाखांत वेगळी वाट निघाली. हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क याने १८८१ मध्ये गोगलगाईच्या वर्गातील एका प्राण्यावरील निबंधात लेखकाचे नाव व प्रकाशनवर्ष मजकुरातच कंसात देण्याची रीत वापरली. तीच पुढे हार्व्हर्ड पद्धती म्हणून ओळखली गेली. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची शैलीपुस्तिका १९०६ मध्ये निघाली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे नियम १९२९ मध्ये सात पृष्ठांच्या लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. आज तेच ‘एपीए शैली’ या नावाने शिक्षणशास्त्र व समाजशास्त्रे यांत सर्वत्र रूढ आहेत. भाषा व साहित्य या विषयांसाठी मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने १९५१ मध्ये आपली पत्रिका काढली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे बैठक झाली, तीतून क्रमांकांवर आधारलेली व्हँकूव्हर पद्धती पुढे आली. या सर्व शैलींच्या नवनव्या आवृत्त्या निघत असतात. त्यांतील स्वल्पविराम व पूर्णविराम यांच्या जागांविषयीचे भेद विद्यार्थ्यास फार छळतात; वस्तुतः ते संकेत आहेत, तत्त्वे नव्हेत. एक पद्धती स्वीकारून ती अखेरपर्यंत पाळली म्हणजे पुरे.

मराठीतील परंपरा : मराठीत साधार लेखनाचा आग्रह प्रथम इतिहासाच्या क्षेत्रात धरला गेला आणि त्याचा एक आरंभबिंदू महाविद्यालयीन वयातील तरुणाच्या निबंधात सापडतो. जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि लवकरच कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी भाषांतर केले. शाळांतून तेच प्रमाण मानले जाई. पुण्यात शिकत असलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला आणि तो पुढे विविधज्ञानविस्तार या मासिकातून प्रसिद्ध झाला. ग्रंथकार राज्यकर्त्यांपैकी असला, तरी त्याचे विधान मूळ कागदांशी ताडून पाहण्याचा अधिकार वाचकास आहे, ही दृष्टी त्यामागे होती. ग्रँट डफने आपल्या तळटीपांत काही हस्तलिखितांच्या प्रती मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे नमूद केले आहे. पुढे शोध घेणाऱ्या मराठी अभ्यासकांना त्या तेथे मिळाल्या नाहीत आणि त्यावरून बरीच कटुता निर्माण झाली. संदर्भ दिला, पण संदर्भवस्तू जपली गेली नाही, तर काय होते, याचा हा नमुना होय.

वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये वाईत छापून काढला. मालेचे एकूण बावीस खंड झाले. अस्सल समकालीन पत्रास त्यांनी बखरीहून वरचे स्थान दिले. संदर्भलेखनाच्या दृष्टीने त्यांच्या मालेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक कागदास दिलेला स्वतंत्र लेखांक. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली की पृष्ठांक बदलतात, लेखांक बदलत नाही. म्हणून अशा साधनग्रंथांचा निर्देश खंड व लेखांक देऊन करणे इष्ट. भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि राजवाडे यांच्या निधनानंतर धुळ्यास स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ यांच्या प्रकाशनांतही हीच रीत चालू राहिली. ग्रंथांच्या नोंदींचे काम शं. ग. दाते यांनी एकहाती म्हणावे अशा चिकाटीने केले. त्यांच्या मराठी ग्रंथसूचीच्या पहिल्या भागात (१९४४) १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित पुस्तकांची विषयवार नोंद आहे. जुन्या मराठी पुस्तकाचे प्रकाशनवर्ष वा पृष्ठसंख्या याविषयी शंका आल्यास आजही प्रथम दात्यांची सूचीच पाहावी लागते.

निर्देशाच्या रीती : मराठी निबंधांत तीन रीती दिसतात. तळटीप पद्धतीत विधानाच्या शेवटी वर लहान आकडा देऊन पृष्ठाच्या तळाशी ग्रंथकार, ग्रंथ, स्थळ, वर्ष व पृष्ठ ही माहिती देतात. इतिहास व वाङ्मय या विषयांस ती सोयीची, कारण कागदपत्रांचे लांबलचक वर्णन कंसात मावत नाही. लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरातच कंस करून आडनाव, वर्ष व पृष्ठांक देतात. क्रमांक पद्धतीत सूचीतील ग्रंथाचा अनुक्रमांक तेवढा चौकटी कंसात येतो. तळटीपांत त्याच ग्रंथाचा लगोलग पुन्हा उल्लेख आल्यास ‘तत्रैव’ आणि मध्ये अन्य संदर्भ येऊन गेल्यास ‘उपरिनिर्दिष्ट’ किंवा ‘उ. नि.’ असे लिहितात. जुन्या ग्रंथांत ‘तत्रैव’ ऐवजी ‘कित्ता’ हा शब्द येतो. अक्षर वळवण्यासाठी मुलांपुढे ठेवायच्या नमुन्यासही कित्ताच म्हणतात, हा योगायोग विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना अनेकदा आठवतो. लेखनाच्या धांदलीत परिच्छेद मागेपुढे होतात आणि ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटते; म्हणून कच्च्या मसुद्यात हा शब्द मुळीच वापरू नये, अखेरच्या वाचनाच्या वेळी घालावा.

शब्दशः घेतलेला मजकूर अवतरणचिन्हांत देतात. तो मोठा असल्यास दोन्ही बाजूंस समास सोडून वेगळ्या परिच्छेदात, अवतरणचिन्हांविना देतात. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या ग्रंथातील अवतरण घेतले असेल, तर ‘अमक्याच्या ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहिले पाहिजे. या नियमाचा भंग सर्वांत जास्त होतो आणि तो पकडणेही अवघड नसते. कारण मधल्या लेखकाने केलेली मुद्रणाची चूकदेखील जशीच्या तशी पुढील निबंधात उतरते.

व्यक्तिनामे : पाश्चात्त्य शैलीपुस्तिका मराठी नावांसाठी लिहिलेल्या नाहीत, याचा प्रत्यय येथे येतो. सूचीत आडनाव प्रथम व नंतर व्यक्तिनाम आणि पितृनाम यांची आद्याक्षरे, हा सामान्य नियम : ‘राजवाडे, वि. का.’ परंतु ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांची नोंद व्यक्तिनामाखालीच करावी. ‘मोरे, तुकाराम बोल्होबा’ अशी नोंद केल्यास ती कोणासही सापडणार नाही. टोपणनावांच्या बाबतीत मुखपृष्ठावर छापलेले नाव प्रमाण मानून खऱ्या नावाखाली ‘पहा’ अशी प्रतिनोंद देतात. कळ्यांचे निःश्वास (१९३३) या कथासंग्रहाची लेखिका विभावरी शिरूरकर. याच बाळूताई खरे आणि विवाहानंतर मालती बेडेकर. तिन्ही नावे तीन स्वतंत्र लेखिकांची समजून वेगवेगळ्या ठिकाणी आली, तर एका लेखिकेच्या कार्याचे तीन तुकडे होतात. विवाहोत्तर नामांतरामुळे स्त्री-अभ्यासकांचे पूर्वीचे लेखन त्यांच्या नावावर न जमण्याचा प्रकार आजही घडतो.

निनावी लेखनाबाबत विशेष सावधगिरी हवी. केसरीतील (स्थापना १८८१) अग्रलेखांखाली लेखकाचे नाव नसे. १८८७ पर्यंत गो. ग. आगरकर संपादक होते. तरीही केसरीतील त्या काळचा कोणताही अग्रलेख सरसकट टिळकांच्या नावावर देणारे निबंध आढळतात. अशा वेळी लेखकाची जागा मोकळी ठेवून शीर्षक, पत्राचे नाव व दिनांक एवढेच द्यावे. लेखकाविषयीचा तर्क मजकुरात करावा, सूचीत करू नये. अनेक लेखकांच्या ग्रंथांत उलट प्रकारचा अन्याय होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथील उत्खननाचा अहवाल फ्रॉम हिस्टरी टू प्रिहिस्टरी ॲट नेवासा (पुणे, १९६०) हा ह. धी. सांकळिया, शां. भा. देव, झे. डी. अन्सारी व एस. एर्‌हार्ट अशा चौघांचा आहे. मजकुरात ‘सांकळिया आणि इतर’ असे लिहिण्यास प्रत्यवाय नाही, परंतु सूचीत चारही नावे आली पाहिजेत. ती गाळून हा अहवाल केवळ सांकळियांचा करून टाकण्याची सवय इतकी मुरली आहे की, ‘इतर’ कोण, हे नेवाश्याच्या परिसरातील विद्यार्थ्यांसही सांगता येत नाही.

स्थळनामे : ग्रंथाचे प्रकाशनस्थळ त्यावर छापले असेल तसेच द्यावे. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. म्हणून १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड किंवा राज्य शासनाने १९७६ मध्ये काढलेला सुधारित जिल्हा गॅझेटिअर यांच्या शीर्षकात ‘अहमदनगर’ हेच नाव राहील. निबंधाच्या मजकुरात आजचे नाव वापरावे आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी जुने नाव कंसात द्यावे. क्षेत्रीय अभ्यासात गावाच्या नावाबरोबर तालुका व जिल्हा देणे अनिवार्य आहे. अहिल्यानगर शहरालगतचे, औद्योगिक वसाहतीमुळे परिचित झालेले नागापूर आणि बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील, वाण नदीवरील धरणासाठी माहीत असलेले नागापूर ही दोन्ही गावे केवळ नावाने वेगळी ओळखता येत नाहीत. शिवाय टंकलेखनात एक काना गळाला की नागापूरचे नागपूर होते. वर्तनी तपासणाऱ्या यंत्रास त्यात काही चूक दिसत नाही आणि औद्योगिक कामगारांची आकडेवारी सहाशे किलोमीटरांच्या आसपास दूर जाऊन पडते.

गावासंबंधीच्या निबंधात जनगणनेची जिल्हा पुस्तिका, गॅझेटिअर आणि महसुली कागद ही मुख्य साधने असतात. शासकीय प्रकाशनांत व्यक्तिनाम नसल्यास ते काढणारी कचेरी हीच ग्रंथकार समजतात. महसुली कागदांच्या बाबतीत गाव नमुन्याचा क्रमांक, गट वा सर्वे क्रमांक, फेरफार नोंदीचा क्रमांक व दिनांक आणि उतारा कोठे पाहिला, हे लिहावे. ‘तलाठी कार्यालयातील माहितीनुसार’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. जिवंत खातेदारांची नावे मात्र निबंधात छापण्याचे कारण नसते.

कालनिर्देश : जुनी मराठी साधने उद्धृत करताना मूळ कालगणना व इसवी सन दोन्ही द्यावेत; रूपांतर चुकले, तर वाचकास ते दुरुस्त करता येते. शालिवाहन शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे सर्वांस ठाऊक असते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने १ जानेवारीपासून फाल्गुनाखेरपर्यंतच्या तिथींस ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते. जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस दिला आहे. ७८ मिळविल्यास १६२९ येते, परंतु योग्य वर्ष १६३० आहे. त्या तिथीचा दिनांक जुन्या जूलियन गणनेने १९ फेब्रुवारी व आजच्या ग्रेगोरियन गणनेने १ मार्च येतो. लो. टिळकांनी १९१६ मध्ये ही शकावली उजेडात आणीपर्यंत शके १५४९, म्हणजे १६२७ हे वर्ष रूढ होते. कोणत्या साधनाच्या आधारे कोणती तिथी, हे नेमके सांगितले नसते, तर हा वाद चालवताच आला नसता.

पेशवेकालीन पत्रांत सुहूर सन येतो आणि तो अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्री जातो तेव्हा, मे-जूनच्या संधीस, सुरू होते. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढे ६०० मिळवितात. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) याच वर्षात झाली. पुण्याच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदांसाठी दप्तराचे नाव, रुमाल क्रमांक व कागदाचा क्रमांक द्यावा लागतो. रुमाल म्हणजे ज्या कापडात कागदांचा गठ्ठा बांधलेला असतो, तो. त्याच्या क्रमांकावाचून लाखो कागदांतील एक कागद पुन्हा हाती लागणे दुरापास्त असते.

आवृत्ती व पाठ : संतसाहित्यातील निर्देशांत आवृत्तीचा उल्लेख नसेल, तर ते निरुपयोगी ठरतात. तुकारामांच्या गाथेतील अभंगांचा क्रम पंढरपूर, देहू व शासकीय प्रत यांत एकसारखा नाही. केवळ अभंगांक दिल्यास वाचक भलत्याच अभंगावर जातो. लीळाचरित्राची ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांची संपादने आहेत आणि त्यांतील लीळांचे क्रमांक जुळत नाहीत. नेवाशात शके १२१२ (१२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतील ओवी अध्याय व ओवीक्रमांकाने दाखवितात. तरी राजवाडे यांनी संपादिलेली प्रत आणि वारकरी परंपरेतील प्रती यांत पाठ व ओवीसंख्या भिन्न असल्याने प्रतीचे नाव देणे आवश्यकच असते. महाभारताचा श्लोक पर्व, अध्याय व श्लोक या क्रमाने देतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतील (पूर्ण १९६६) क्रमांक नीळकंठी टीकेसह छापलेल्या प्रचलित पोथीशी जुळत नाहीत, आणि पोथीतील कित्येक लोकप्रिय प्रसंग चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नसून तळटीपांत वा परिशिष्टांत आहेत.

आधुनिक ग्रंथांच्या पुनर्मुद्रणांत निराळी अडचण येते. म. जोतीराव फुले यांचा गुलामगिरी हा ग्रंथ १८७३ चा, तो समग्र वाङ्मयातून (संपा. धनंजय कीर व स. गं. मालशे, १९६९) वापरून ‘फुले, १९६९’ असे लिहिल्यास नियम पाळला जातो आणि इतिहास बिघडतो. येथे ‘फुले, १८७३/१९६९’ अशी जोडनोंद करावी.

लिपी व मांडणी : रोमन लिपीत ग्रंथनामे तिरप्या ठशात छापतात. देवनागरीत तिरपा ठसा परंपरेने नाही व तो वाचण्यास त्रासदायक होतो. म्हणून ग्रंथनाम ठळक ठशात वा एकेरी अवतरणात देणे बरे. मराठी व इंग्रजी ग्रंथांच्या सूची वेगळ्या ठेवाव्यात. मराठी सूची देवनागरी वर्णक्रमाने लावताना क्ष व ज्ञ यांचे स्थान कोठे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणताही एक क्रम घ्यावा, पण संगणकाने लावलेला क्रम न तपासता स्वीकारू नये. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, त्यापूर्वीच्या ग्रंथांत अनुच्चारित अनुस्वार दिलेले असतात. शीर्षके व अवतरणे जुन्या वळणानेच द्यावीत, त्यांची सुधारणा करू नये. निबंध यूनिकोड अक्षरांत टंकित केलेला असावा. जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांची निरर्थक जुळणी दिसते, आणि शोधयंत्रासही तो वाचता येत नाही. समास, ओळींतील अंतर व पृष्ठांकन यांचे नियम प्रत्येक विद्यापीठ आपापले देते. डाव्या बाजूस बांधणीसाठी अधिक जागा सोडणे एवढी गोष्ट सर्वत्र समान आहे.

मौखिक साधने : मुलाखतीचा निर्देश करताना निवेदकाचे नाव, गाव, दिनांक व मुलाखत घेणाऱ्याचे नाव देतात, निवेदकाची संमती नसेल तेथे नाव न देता वर्णन देतात. लोकसाहित्याच्या बाबतीत पूर्वी ‘एका वृद्ध स्त्रीकडून मिळालेली ओवी’ एवढीच नोंद पुरेशी समजली जाई. गी प्वात्व्हँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरील ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या असून गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव ओवीसोबत नोंदविण्याची पद्धत आहे. ‘लोक’ या समूहवाचक शब्दामागे दडलेली ती बाई त्यामुळे लेखकाच्या रकान्यात आली. अशी ओवी निबंधात घेताना संग्राहकाचे नाव देऊन गायिकेचे गाळणे हे चारांपैकी तीन लेखक गाळण्याहून वेगळे नाही.

वाङ्मयचौर्य : दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याविषयी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित प्रत सादर करण्यास मनाई होते आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. रीतसर निर्देश केलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रस्तावना, प्रमाणित चिन्हे व समीकरणे इ. या मोजणीतून वगळली आहेत. सर्वज्ञात वा योगायोगाने जुळणारे शब्दही सलग चौदापर्यंत वगळले जातात. यामुळे टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द उलटसुलट करण्याचा एक निराळाच उद्योग सुरू झाला आहे. टक्का हे साम्याचे माप आहे, चौर्याचे नव्हे : एका परिच्छेदाची कल्पना पूर्णपणे उचलून शब्द बदलले, तर साम्य शून्य येते आणि चौर्य पुरे असते. मराठीत आणखी एक पळवाट आहे. इंग्रजी लेखाचे भाषांतर करून तो मराठी निबंध म्हणून दिल्यास शब्दांची तुलना करणाऱ्या यंत्रास त्यात काहीच आढळत नाही. भाषांतरित मजकुरासही मूळ लेखाचा निर्देश लागतो आणि भाषांतर स्वतः केले असल्यास तसे नमूद करावे लागते. तपासणाऱ्या प्राध्यापकांच्या लक्षात असे निबंध बहुधा वाक्यरचनेवरून येतात, टक्केवारीवरून नव्हे.

विद्युतीय साधने : आंतरजालावरील मजकुरासाठी लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, दुवा व पाहिल्याचा दिनांक देतात. संशोधनपर लेखांस २००० पासून डीओआय हा कायम टिकणारा अभिज्ञापक मिळू लागला असून, तो उपलब्ध असेल तेथे दुव्याऐवजी द्यावा. ग्रंथाची छायाप्रत संगणकावर पाहिली असली, तरी निर्देश मूळ ग्रंथाचाच करतात. मात्र छायाप्रतीच्या फाइलीचा पृष्ठांक आणि ग्रंथावर छापलेला पृष्ठांक यांत आरंभीच्या पानांमुळे फरक पडतो, तो तपासून घ्यावा लागतो. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात पाहता येतात. तेथील प्रबंधाची नोंद करताना तो अप्रकाशित असल्याचे, पदवीचे, विद्यापीठाचे व वर्षाचे उल्लेख येतात.

संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा प्रसार २०२२ अखेरपासून झाला आणि संदर्भसूचीसमोर एक अपूर्व अडचण उभी राहिली. ही साधने मागणी केल्यावर लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष व पृष्ठांक यांसह निर्दोष दिसणारी नोंद तयार करतात, परंतु तशा नावाचा लेखच अनेकदा अस्तित्वात नसतो. न्यूयॉर्कमधील एका दाव्यात २०२३ मध्ये वकिलांनी अशा साधनाने रचलेले, कधीच न झालेले निवाडे आधार म्हणून न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. जुन्या काळच्या चुकीच्या नोंदीत काहीतरी खरे असे, एखादा अंक किंवा आद्याक्षर चुकलेले असे, आणि दात्यांच्या सूचीवरून ते सुधारता येई. या नव्या नोंदींत सुधारण्याजोगे काहीच नसते. मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण खरा लेखक, खरा प्रकाशक व कल्पित ग्रंथनाम यांची जुळणी ओळखू येण्यास त्या विषयातील ग्रंथांचा परिचय लागतो. म्हणून काही मार्गदर्शक विद्यार्थ्याकडून सूचीतील प्रत्येक ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ आणि उद्धृत केलेले पृष्ठ यांच्या छायाप्रती निबंधासोबत मागवितात.